आठवण आणि उतराई

आमचे एक मामा आहेत. वय ऐशींच्या पुढें गेलें, दृष्टि मंदावली, कालचें जेवण काय होतें हेंहि त्यांना कधीं कधीं आठवत नाहीं. पण फुटबॉलचा विषय निघाला कीं ते खुर्चींत ताठ होऊन बसतात. तरुणपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या दहापंधरा वर्षांत, मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने पाहण्यास ते नेमानें जात. त्या काळच्या एका खेळाडूची, उजव्या बगलेनें धावणाऱ्या एका शिडशिडीत पोराची, आठवण त्यांनीं इतक्या वेळां सांगितली आहे कीं घरांतील मुलांना ती पाठ झाली आहे. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा कसा जाई, समोरचा धिप्पाड गडी मातीवर कसा बसे, आणि लाकडी बाकांवरचे प्रेक्षक टोप्या कशा उडवीत, हें सारें सांगून झालें कीं शेवटचें वाक्य ठरलेलें असतें: "तसा खेळाडू आतां होणें नाहीं." मुलें एकमेकांकडे पाहून हसतात. आम्हीहि आजवर हसत आलों.

अलीकडे मात्र त्या वाक्यानें आम्हांस विचारांत पाडलें आहे. तें खरें आहे कीं खोटें हा आमचा प्रश्न नव्हे. आजचे खेळाडू अधिक वेगानें धावतात, त्यांचा आहार तोलून दिलेला असतो, त्यांच्या प्रत्येक पावलाची मोजदाद होते. मामांचा तो शिडशिडीत पोरगा आजच्या मैदानावर किती वेळ टिकला असता कोण जाणे. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या माणसानें आपल्याला तारुण्यांत अपार आनंद दिला त्याची आठवण आपण जन्मभर जपतों. ही आठवण म्हणजे त्याच्याविषयींची कृतज्ञता होय काय? कीं आठवण काढून आपण आपल्यावरील ऋण फेडल्याचें समाधान मात्र मिळवितों, आणि देणें जेथल्या तेथेंच राहतें?

मामांच्या खेळाडूचें नांव आज कोणास ठाऊक नाहीं. तेव्हां त्याच्यावरून या प्रश्नाचा उलगडा व्हावयाचा नाहीं. म्हणून जगांत कदाचित् सर्वांत अधिक प्रेमानें आठवला जाणारा जो फुटबॉलपटू, त्याच्याकडे वाचकांनीं आमच्याबरोबर यावें. त्याला त्याच्या देशांतील लोकांनीं 'लोकांचा आनंद' असें नांव दिलें होतें. इतकें मोठें बिरुद राजांनाहि मिळालेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.

ब्राझील देशांत रिओ दि जानेरो शहराच्या उत्तरेस, डोंगराच्या पायथ्याशीं, पाऊ ग्रांदे नांवाचें एक गिरणीचें गांव आहे. कापडाची गिरणी, गिरणीच्या मालकीचीं घरें, गिरणीचें फुटबॉलचें मैदान, असा सगळा तेथला संसार. या गांवीं १९३३ सालच्या ऑक्टोबरांत मान्वेल दोस सांतोस हा मुलगा जन्मला. अंगानें तो इतका लहानखुरा होता कीं बहिणीनें त्याला 'गॅरिंचा' या चिमुकल्या पक्ष्याचें नांव ठेविलें, आणि तेंच पुढें जगाच्या तोंडीं बसलें. त्याचे पाय वांकडे होते. उजवा आंत वळलेला, डावा बाहेर वळलेला, आणि एक दुसऱ्याहून आखूड. वाऱ्यानें एका बाजूस कलंडलेल्या झाडासारखीं तीं दोन पावलें पाहून हा मुलगा धड चालेल कीं नाहीं अशी शंका कोणासहि यावी. चौदाव्या वर्षीं तो गिरणींत लागला. कामांत त्याचें लक्ष नसे; पण गिरणीच्या संघांत त्याच्यावांचून अडे, म्हणून त्याचे आळस पोटांत घातले जात.

१६ जुलै १९५० रोजीं रिओच्या नव्या माराकाना क्रीडांगणावर ब्राझीलनें विश्वचषकाचा निर्णायक सामना उरुग्वेकडून गमावला. सारा देश सुतकांत बुडाला. त्या दिवशीं सोळा वर्षांचा गॅरिंचा मासे धरावयास गेला होता, आणि परत आल्यावर लोक रडतांना पाहून त्याला नवल वाटलें, अशी गोष्ट सांगतात. आम्हांस ती फार अर्थपूर्ण वाटते. ज्या समाजानें खेळाला राष्ट्राच्या अब्रूचें ओझें वाहावयास लाविलें होतें, त्याला त्या खेळांतला खेळकरपणा परत मिळवून देणारा माणूस हा असा, त्या ओझ्याची वार्ताहि नसलेला निघाला.

१९५३ सालीं तो रिओच्या बोताफोगो संघाकडे आपला खेळ दाखविण्यास गेला. त्याला अडविण्यास निल्टन सांतोस हा देशांतला अव्वल बचावपटू उभा होता. या वांकड्या पायांच्या खेडवळ पोरानें त्यालाच चकविलें. निल्टन सांतोस मोठ्या मनाचा माणूस. रागावण्याऐवजीं त्यानें संघाच्या चालकांस सांगितलें कीं याला आजच घ्या, प्रतिपक्षाकडे गेला तर मला झोंप लागावयाची नाहीं. पुढें बारा वर्षें काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या त्या सदऱ्यावर सात हा आंकडा मिरवीत गॅरिंचा खेळला.

त्याच्या खेळाचें वर्णन करूं जातां एक चमत्कार हाती लागतो. त्याच्यापाशीं जवळजवळ एकच युक्ति होती. चेंडू पायाशीं ठेवून तो समोरच्या गड्यापुढें थबके. अंग डावीकडे झुकवी. गडी तिकडे ओढला जाई. आणि तोंवर हा उजवीकडून निघून गेलेला असे. कधीं तर चेंडूला स्पर्शहि न करतां नुसतें अंग हलवी, आणि चेंडू जागच्या जागीं असतां समोरचा गडी दोन पावलें धावून मोकळा होई. तो उजवीकडूनच जाणार हें त्या गड्यास ठाऊक असे, त्याच्या शिक्षकास ठाऊक असे, अगदीं वरच्या सज्जांतल्या खारे दाणे विकणाऱ्या पोरासहि ठाऊक असे. तरी तें अडवितां येत नसे. गुपित उघडें आणि तरी तें उलगडत नाहीं, असा हा प्रकार होता. आणि लोक हसत. सामना जिंकल्याचा आनंद निराळा, हें हसूं निराळें. १९५८ च्या आरंभीं मेक्सिको शहरांत अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाविरुद्ध खेळतांना त्यानें वाइरो नांवाच्या बचावपटूस इतक्या वेळां हुलकावणी दिली कीं, बैलांच्या झुंजींत जसा पुकारा करतात तसा 'ओले!' चा गजर प्रेक्षकांनीं केला. फुटबॉलच्या मैदानांत हा गजर तेथूनच रूढ झाला असें म्हणतात.

त्याच वर्षीं मे महिन्यांत फ्लॉरेन्स येथील संघाविरुद्धच्या सराव सामन्यांत त्यानें तीनचार गड्यांना व गोलरक्षकालाहि चकविलें, समोर मोकळा गोल होता, आणि हा थांबला! मागून धावत येणाऱ्या गड्याची वाट पाहिली, त्यालाहि एक झुकांडी दिली, मग सावकाश चालत चेंडू आंत नेऊन ठेविला. संघाचे चालक संतापले. आणि लोकांचें म्हणणें असें कीं, स्वीडनमधील विश्वचषकाच्या पहिल्या दोन सामन्यांत त्याला बाहेर बसविलें तें यामुळेंच. संघाबरोबर नेलेल्या मानसशास्त्रज्ञाच्या परीक्षेंतहि त्याला फारच थोडे गुण पडले होते. तिसऱ्या सामन्यांत, १५ जून रोजीं, रशियाविरुद्ध त्याला आणि सतरा वर्षांच्या पेलेला उतरविण्यांत आलें. पहिल्याच मिनिटाला गॅरिंचाचा फटका गोलच्या खांबावर आदळला. तीन मिनिटांच्या आंत ब्राझीलनें गोल केला होता. अंतिम सामन्यांत वावाचे दोन्ही गोल याच्याच उजवीकडून आलेल्या चेंडूंवर झाले. १९६२ सालीं चिलींत पेले दुसऱ्याच सामन्यांत जायबंदी झाला, तेव्हां सारा भार याच्यावर पडला. इंग्लंडविरुद्ध दोन गोल, यजमान चिलीविरुद्ध दोन गोल, आणि अंगांत ताप असतां अंतिम सामना. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यांत मैदानावर एक कुत्रें शिरलें. तें गॅरिंचालाहि हुलकावणी देऊन निसटलें, अखेर एका इंग्रज खेळाडूनें तें पकडलें. पुढें तें कुत्रें सोडत काढून गॅरिंचालाच देण्यांत आलें. पेले व तो असे दोघे मिळून खेळले त्या सामन्यांत ब्राझील कधींच हरला नाहीं. देशासाठीं तो पन्नासांवर सामने खेळला, त्यांत पराभव एकच, आणि तोहि त्याच्या शेवटच्या सामन्यांत, १९६६ सालीं हंगेरीकडून.

आम्हीं हें सारें डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. जोआकिम पेद्रो दे आंद्रादे यांनीं १९६२ च्या सुमारास त्याच्यावर काढलेला कृष्णधवल बोलपट मात्र आम्हीं पाहिला आहे. त्यांत कॅमेरा खेळाकडून वारंवार प्रेक्षकांच्या चेहऱ्यांकडे वळतो. दात पडलेले, दाढी वाढलेले, उन्हानें रापलेले चेहरे. तोंडें उघडीं, हात वर, कपाळावर आठ्या, मग एकाएकीं हसूं. देवळांत आरतीच्या वेळीं जसे चेहरे दिसतात तसे. त्यांतले बहुतेक आज हयात नसतील. जे असतील ते आमच्या मामांप्रमाणेंच आपापल्या घरीं खुर्चींत ताठ बसून नातवंडांना सांगत असतील कीं तसा खेळाडू आतां होणें नाहीं.

या म्हाताऱ्यांविषयीं एक तुसडें मत असें आहे कीं, त्यांना आठवतो तो खेळाडू नव्हेच. त्यांना आठवतें तें स्वतःचें तारुण्य. गुडघे शाबूत होते, बाप हयात होता, आगगाडीच्या टपावर बसून सामन्याला जातां येत होतें, त्या काळाला चिकटलेला एक चेहरा म्हणजे गॅरिंचा. त्याच्या जागीं दुसरा कोणी असता तरी इतकेंच अश्रू आले असते. या मतांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें पुरतें पडत नाहीं. तारुण्य तर सर्वांचेंच जातें आणि त्या काळीं शेंकडों खेळाडू खेळत होते. त्यांतून याच एकाच्या नांवाबरोबर ओठांवर हसूं कां यावें? पेलेला ते राजा म्हणतात, त्याच्यापुढें मान लववितात; याचें नांव निघतांच मात्र घरच्या मुलाचें नांव निघाल्यासारखे बोलतात. हा भेद त्यांच्या तारुण्यानें केलेला नाहीं. तो त्या माणसानें केलेला आहे. आनंद झाला तो आमच्या मनांत हें खरें. पण तो कोणींतरी दिला. आणि जेथें देणारा आहे तेथें घेणाराहि आहे, आणि देण्याघेण्याचा हिशेबहि आहे.

हिशेबाची गोष्ट निघतांच कोणी म्हणेल, प्रेक्षकानें तिकिटाचे पैसे मोजले, खेळाडूला त्याचें वेतन मिळालें, व्यवहार संपला. न्यायालयांत हा युक्तिवाद टिकेल. पण तोच प्रेक्षक पन्नास वर्षांनीं डोळे पुसतो तेव्हां तो स्वतःच साक्ष देत असतो कीं त्याला मिळालें तें तिकिटाच्या किंमतीचें नव्हतें.

आणि वेतनाचें काय? बोताफोगोच्या कोऱ्या करारपत्रावर गॅरिंचा सही करी, आंकडा चालक मागाहून भरीत, असें त्याचे चरित्रकार सांगतात. परदेशच्या दौऱ्यांत तो खेळणार असेल तर संघाला मोबदला अधिक मिळे. म्हणून तो खेळे. त्या वांकड्या पायांवर वर्षानुवर्षें आलेल्या ताणानें गुडघ्याचा सांधा झिजला होता. सामन्यापूर्वीं सुई टोंचून वेदना बधिर करीत आणि त्याला मैदानांत सोडीत. १९६४ सालीं शस्त्रक्रिया झाली तोंवर फार उशीर झाला होता. लोक ज्या झुकांडीला हसत होते तिची किंमत तो गुडघा भरीत होता.

लोकांना हें ठाऊक नव्हतें काय? आमचें उत्तर असें कीं, ठाऊक करून घेण्याची त्यांना गरज पडली नाहीं. आणि ती पडूं नये अशी सोय आठवणींनींच करून ठेविली होती. गॅरिंचाविषयीं ज्या गोष्टी ब्राझीलमध्यें घरोघर सांगितल्या जातात त्या बहुतेक त्याच्या भोळेपणाच्या आहेत. स्वीडनमध्यें त्यानें रेडिओ विकत घेतला, तेव्हां हा तर फक्त स्वीडिश बोलतो, ब्राझीलमध्यें नेऊन काय करशील, असें सांगून कोणीं तो त्याच्याकडून स्वस्तांत काढून घेतला, ही त्यांतली एक. समोर कोणताहि बचावपटू असो, त्याचें नांव न विचारतां तो त्याला 'जॉन' म्हणजे आपल्याकडील 'गोंद्या' असें म्हणे, ही दुसरी. १९९५ सालीं रूय कास्त्रो यांनीं त्याचें मोठें चरित्र लिहिलें, त्यांत त्यांनीं दाखवून दिलें कीं अशा कित्येक गोष्टी सांद्रो मोरेइरा या त्याच्या पत्रकार मित्रानें रचल्या होत्या. 'जॉन'ची गोष्ट त्यांपैकींच. आणि ती गॅरिंचाला स्वतःला आवडतहि नसे, कारण ती ऐकून चिडलेले बचावपटू त्याच्या पायांवर अधिक जोरानें लाथा झाडीत.

मोरेइराला आम्ही फारसा दोष देत नाहीं. वर्तमानपत्राला मजकूर लागतो, आणि मित्राच्या गोष्टी रंगवून सांगण्याचा मोह आपल्यांतल्या कोणास होत नाहीं? पण लोकांनीं त्या गोष्टी इतक्या आवडीनें कां उचलल्या याचा विचार केला पाहिजे. पक्ष्याला वेतन द्यावें लागत नाहीं. तो गातो तें स्वभावानें गातो. त्याच्या घशाला काय होतें हें कोणी विचारीत नाहीं. माणसाला एकदां पक्षी म्हटलें, बालक म्हटलें, देवाघरचा वेडा म्हटलें, म्हणजे तो जें देतो तें दान न राहतां निसर्गाचा झरा होतो; आणि झऱ्याचें ऋण कोण मानतो? गॅरिंचावर लोकांचें प्रेम होतें यांत शंका नाहीं. पण त्या प्रेमानें त्याला असा आकार दिला कीं त्यांत कर्तव्याला कोठें खुंटीच राहिली नाहीं.

येथें आम्हांस आपल्या मराठी रंगभूमीची आठवण होते. बालगंधर्व प्रेक्षकांस 'मायबाप' म्हणत. उतारवयांत, शरीर साथ देईनासें झालें असतांहि, लोक त्यांना ऐकावयास जात. कानीं पडे तो थकलेला आवाज, पण ऐकूं येई तो पूर्वीचा. 'मायबाप' हा शब्द आपण लाडानें ऐकला. आईबाप होणें म्हणजे मुलाच्या म्हातारपणींहि आपलें कांहीं देणें लागतें, असा अर्थ त्यांतून किती जणांनीं काढला असेल?

परंतु एका बाजूनेंच बोलणें योग्य होणार नाहीं. गॅरिंचा हा केवळ लुबाडला गेलेला निष्पाप जीव होता असें म्हटलें तर तीहि मोरेइराच्याच जातीची एक गोष्ट होईल. फक्त हसविणारी न होतां रडविणारी. तो माणूस होता आणि माणसासारखे अपराध त्यानें केले. बाप दारू पीत असे, हाहि पीत असे. गिरणींत काम करणारी बायको आणि अनेक मुली यांना सोडून तो एल्झा सोआरेस या विख्यात गायिकेबरोबर राहूं लागला. १९६९ च्या एप्रिलांत तो चालवीत असलेल्या मोटारीला अपघात झाला आणि एल्झाची आई मरण पावली. पुढें दारूच्या भरांत तो एल्झावर हात उगारूं लागला. १९७७ सालीं ती त्याला सोडून गेली. हें सारें घडलेलें आहे, आणि वांकड्या पायांची कितीहि गोड आठवण तें पुसूं शकत नाहीं.

आणि पुसण्याचा प्रयत्न झालाच नाहीं असें नाहीं. लोकांनीं दोष शोधला तो एल्झांत. घर मोडणारी, आपल्या लाडक्याला बुडविणारी, असा तिचा इतका उद्धार झाला कीं शेवटीं तीं दोघें कांहीं काळ देश सोडून इटलींत जाऊन राहिलीं. वास्तविक दारूच्या गुत्त्यांत जाऊन, याला पाजूं नका, म्हणून विनवणारी तीच होती. पण ज्याला आपण बालक ठरविलें त्याचा अपराध त्याचा स्वतःचा कसा असेल? कोणी तरी त्याला बिघडविलेलें असलें पाहिजे. आपली आठवण निर्मळ राहावी म्हणून एका बाईच्या माथीं सारा चिखल थापणें, हा त्या प्रेमाचा सर्वांत कुरूप भाग होय असें आम्हांस वाटतें.

लोकांनीं कांहींच केलें नाहीं असें मात्र नव्हे. १९ डिसेंबर १९७३ रोजीं माराकानावर त्याच्यासाठीं एक सामना भरविण्यांत आला. त्याचें नांवच 'कृतज्ञतेचा सामना'. एक लाख तीस हजारांवर लोक तिकीट काढून आले. चाळिशीला आलेला, अंगानें सुटलेला गॅरिंचा कांहीं वेळ धावला, आणि लोक पूर्वीसारखेच ओरडले. मिळालेले पैसे त्याला देण्यांत आले. ते फार दिवस टिकले नाहींत. कृतज्ञता एका दिवसांत, तिकिटाच्या खिडकीवर, उभ्याउभ्या आटोपतां येते काय, हा प्रश्न त्या दिवशीं त्या एक लाख तीस हजारांपैकीं किती जणांच्या मनांत आला असेल, सांगतां येत नाहीं. आम्ही तेथें असतों तर आमच्याहि मनांत आला नसता. आम्हीहि ओरडलोंच असतों.

१९८० च्या कार्निव्हलमध्यें मान्गेइरा या मंडळानें त्याला एका रथावर बसवून मिरविलें. दिव्यांच्या लखलखाटांत, नाचणाऱ्यांच्या गर्दींत, तो गुंगींत असल्यासारखा निश्चल बसला होता. हात हलवावयाचें त्राणहि अंगांत नव्हतें. घरोघर दूरचित्रवाणीवर तें दृश्य पाहून पुष्कळांनीं डोळे पुसले. पुष्कळांनीं, आम्हांस वाटतें, तो यंत्राचा कान पिरगाळून बंद केला. कारण त्या रथावर बसला होता तो माणूस; आणि त्यांना हवा होता तो पक्षी.

२० जानेवारी १९८३ रोजीं, पन्नाशीहि न गांठतां, दारूनें पोखरलेल्या देहानें तो गेला. शव माराकानांत ठेवण्यांत आलें, बोताफोगोचा ध्वज त्यावर पांघरला, आणि तेथून पाऊ ग्रांदेकडे नेतांना वाटेवर लोकांच्या रांगा लागल्या होत्या. थडग्याच्या शिळेवर तो लोकांचा आनंद होता असें लिहिलें. २०१७ सालीं असें उघडकीस आलें कीं त्या थडग्यांत त्याच्या अस्थि आहेत कीं नाहींत हें तेथल्या नगरपालिकेसहि निश्चित सांगतां येत नाहीं. इकडे ब्राझिलिया या राजधानींत त्याच्या नांवाचें क्रीडांगण २०१४ च्या विश्वचषकासाठीं पाडून नवें बांधलें. सत्तर हजारांवर माणसें बसतील एवढें, आणि त्या स्पर्धेच्या क्रीडांगणांत सर्वांत अधिक खर्चाच्यांपैकीं एक. एल्झा सोआरेस पुढें कित्येक वर्षें गात राहिली, थोरवीस चढली, बायकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्धहि गायिली. आणि २०२२ सालीं, एकोणचाळीस वर्षांनंतर, २० जानेवारीच्याच दिवशीं वारली.

मग आठवण काढूंच नये काय? आम्ही असें म्हणणार नाहीं. आठवण गेली तर देण्याची नोंदच गेली. मग मागणार कोण आणि मानणार कोण? म्हाताऱ्यांचें तें ठरलेलें वाक्य आम्हांस आतां एखाद्या जुन्या खतावरील सहीसारखें वाटतें. आपण घेतलें हें तें कबूल करतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं कबुली आणि फेड या दोन गोष्टी आहेत. आणि आठवणीची गोडी अशी विलक्षण आहे कीं कबुली देतां देतांच फेड झाल्यासारखें वाटूं लागतें. देणें फेडावयाचें तर ज्याचें देणें त्याच्या दाराशीं जावें लागतें, आणि तेथें पक्षी भेटत नाहीं. सुजलेल्या गुडघ्याचा, तोंडाला वास येणारा, कदाचित् आपल्या घरच्यांशीं वाईट वागलेला एक माणूस भेटतो. त्याला पाहिल्यावर आपल्या आठवणीचें काय होईल या भयानें आपण जात नाहीं. हें भय खोटें नाहीं, आणि त्याला आम्ही क्षुद्र म्हणणार नाहीं; मनुष्यापाशीं आनंदाचे सांठे थोडेच असतात. पण प्रेम आणि हें भय यांची गल्लत आपण फार वेळां करतों.

हें इतकें लिहून झाल्यावर गेल्या रविवारीं आम्ही मामांकडे गेलों होतों. त्यांनीं नेहमींप्रमाणें तो शिडशिडीत पोरगा, तो उजव्या बगलेचा धांवता सोहळा, सारें सांगितलें. शेवटचें वाक्य येण्यापूर्वींच आम्हीं विचारलें, "मामा, पुढें त्याचें काय झालें?" आजवर हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकदां दिसला होता मला. खेळ सोडून दहाबारा वर्षें झालीं असतील. एका कचेरीच्या दाराशीं शिपायाच्या स्टुलावर बसला होता. पाय लांब करून बसला होता, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मीं ओळखलें त्याला लगेच."

"मग बोललांत काय?"

"नाहीं रे," मामा म्हणाले. "मी जिन्यानें वर गेलों, काम उरकलें, आणि उतरतांना दुसऱ्या जिन्यानें उतरलों."